कपाळ हलत होतं, दत्ता

दत्ता, काल तुझा तेरावा झाला. पिंपळे गुरवच्या त्या हॉलमध्ये तुझ्या फोटोला हार घालायला माझा नंबर आला आणि माझ्या तोंडात शिवी आली. खोटं कशाला बोलू? मागे तुझे मामा उभे होते म्हणून गिळली. लोकांना वाटलं, रघूला भरून आलं. भरून-बिरून काही आलं नव्हतं, डोकं फिरलं होतं. अजून फिरलेलंच आहे, म्हणून लिहायला बसलोय. तू असतास तर कंपनीच्या बसमध्येच तुला फाडून खाल्ला असता, आणि तू खिडकीबाहेर बघत म्हणाला असतास, "बोल की, बोल. मोशी येईपर्यंत टाइम हाय."

तू किती चांगला होतास हे सांगणारे काल पुष्कळ होते. आपले एचआरचे साहेबही दोन शब्द बोलले. 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' म्हणाले तुला. हसतमुख! तुझं तोंड बाहेरच्या पाहुण्यांना दिसू नये म्हणून ज्यानं तुला तीन महिने स्टोअरमध्ये बसवलं, तो माणूस तुला हसतमुख म्हणाला, आणि मी खाली मान घालून सतरंजीचा धागा उपसत बसलो. मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार होतो? तिकडे सुनंदावहिनी येईल त्याला सांगत होत्या, "रघुभाऊजी होते म्हणून दवाखान्यात तरी पोचले हे. नाहीतर तिथंच..." तेरा दिवस हे ऐकतोय मी. तेरा दिवस घशाशी एक गोष्ट येत होती, आणि मी पाणी पिऊन ती परत खाली ढकलत होतो. वहिनींना सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि तो प्रश्न तू माझ्या गळ्यात घालून गेलास, म्हणून तुझ्यावर राग.

पहिल्यापासून बोलू, म्हणजे तुला मधे तोंड घालायला जागा नको.

दोन वर्षं होतील त्याला. चाकणला कॅंटीनमध्ये सकाळचा चहा घेत होतो. तुझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा शर्टावर सांडला. तू ग्लास वर धरून बघितलास, चिरलाय का म्हणून. परत घोट घेतलास, परत तेच. मी हसलो, "काय राव, लाळेरं बांधू का गळ्यात?" तूही हसायला गेलास आणि अर्धंच तोंड हसलं. उजवीकडचा गाल जागचा हलला नाही, उजवा डोळा मिटेना. मी माझा ग्लास खाली ठेवला. तू मात्र म्हणालास, "येड्यावानी काय बघायलास? काय लागलंय का तोंडाला?"

मग सुरू झाले सगळ्यांचे शहाणपणाचे डोस. आमच्या आईनं चिंचवडात बसल्या जागी निदान केलं, "वारं गेलंया त्याच्यावरनं. बसच्या खिडकीत बसतंय न्हवं त्ये?" शेजारी म्हणाले लकवा. तुझ्या मेव्हण्यानं तर कहर केला. तुझ्या गावाकडं, लातूरच्या बाजूला, कोणी एक जण कबुतराच्या रक्तानं मालिश करतो म्हणे, त्याच्याकडे तुला घेऊन निघाला होता. वल्लभनगरच्या स्टँडवर एसटीत चढून बसला होतास तू, डोळ्यावर रुमाल धरून. तिथून तुझी पिशवी खेचून तुला खाली उतरवला मी. सगळ्या स्टँडसमोर भांडलो आपण. तू म्हणत होतास, "मला जाऊ दे," आणि मी म्हणत होतो, "तुझा बाप आला तरी नाही जाऊ देणार." मेव्हणा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. काल ताट वाढतानासुद्धा माझ्या पानात बघून न बघितल्यासारखं केलं त्यानं.

चिंचवडच्या दवाखान्यातल्या ती डॉक्टर मॅडम आठवते? तिनं पहिलंच सांगितलं, "भुवया वर करा. कपाळाला आठ्या घाला." डाव्या बाजूला आठ्या पडल्या, उजवं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. मॅडम म्हणाली, "चांगलं आहे." तुझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अर्धं थोबाड गेलं आन् म्हणं चांगलं!" मग तिनं समजावून सांगितलं. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या बारीक बोगद्यातून बाहेर येते. ती तिथे सुजली, दबली, की अर्धा चेहरा सगळाच्या सगळा बंद पडतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत. कानात फोड आलेत का, कान वाहतो का, डोक्याला मार लागला होता का, कानाचं ऑपरेशन झालंय का, असं एकेक विचारून तिनं बाजूला काढलं. नसेला इजा व्हायची कारणं पुष्कळ असतात, म्हणाली, तुमचं एकही जुळत नाही, आणि बऱ्याच लोकांचं सापडतच नाही. याला बेल्स पाल्सी म्हणतात. बहुतेक लोक बरे होतात, पण गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू व्हायला हव्यात.

आणि पुढं ती काय म्हणाली, दत्ता? म्हणाली, बिघाड मेंदूत असता तर तोंड वाकडं झालं असतं, पण कपाळ हललं असतं. कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंनी सप्लाय असतो. एक बाजू गेली तरी दुसरी चालवते. तू लगेच खुर्चीत पुढे सरकलास. आयुष्य गेलं तुझं गाड्यांच्या वायरिंगवर, लाइनच्या शेवटच्या टेबलावर टेस्टर लावून प्रत्येक वायर तपासण्यात. "म्हंजे मेन पॅनेल ठीक हाय, फुडची वायर गेली." मॅडम हसली, म्हणाली अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी हे तू अख्ख्या बसला समजावून सांगत होतास.

म्हणजे आपल्याला सांगितलं होतं. स्वच्छ मराठीत सांगितलं होतं, आणि तुला समजलंही होतं. ह्याचाच जाळ होतो माझ्या छातीत.

गोळ्या झाल्या, डोळ्यात दिवसभर थेंब, झोपताना डोळ्यावर चिकटपट्टी. बसमध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून तू गाल फुगवायचास, शीळ घालायला जायचास आणि नुसती हवा फुसकन बाहेर. मागच्या सीटवरची पोरं हसायची. तू वळून म्हणायचास, "हसा, हसा, तुमचे दोन्ही गाल चालू हायत तवर हसा." तेव्हा मला तुझं फार कौतुक वाटलं होतं. सांगितलं नाही कधी. तोंड दीड-दोन महिन्यांत सरळ झालं, डोळा मिटायला लागला, कपाळ मात्र सगळ्यात शेवटी आलं. तुझी रोजची मला विचारणा, "आठ्या पडल्या का?" आणि माझं रोजचं, "नाही पडल्या." शेवटी एक दिवस तू गेटवर माझ्या हजेरीच्या खिडकीशी आलास आणि काही न बोलता भुवया वर केल्यास. उजव्या बाजूला दोन आठ्या. बारीक, पण होत्या. तू लाइनवर पेढे वाटलेस. घरी वहिनींनी देवापुढं साखर ठेवली. त्या दिवसापासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलं, कपाळ हललं म्हणजे बरं झालं. मॅडम काय म्हणाली होती ते पेढ्यांबरोबर गिळून टाकलं आपण.

आता माझं पाप. मी टाइम ऑफिसातला कारकून, गेटवरच्या हजेरीच्या मशीनचा मालक. चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन. तुझं तोंड वाकडं झाल्यावर ते तुला ओळखेना. रोज सकाळी तू समोर उभा आणि ते म्हणतंय, "प्लीज ट्राय अगेन." मागे शंभर माणसांची रांग, कोणीतरी ओरडतंय, "ए, व्हा की बाजूला!" नियम असा की तीनदा नाही ओळखलं की माणसानं माझ्या खिडकीशी यायचं, मी चिठ्ठी करायची, आणि तब्येतीचं कारण असेल तर आधी प्रथमोपचार खोलीत सिस्टरकडे पाठवायचं. ती बीपी बघणार, चार प्रश्न विचारणार, सही करणार, मग माणूस आत. तुला रोज उशीर, रोज ते तोंड रांगेसमोर दाखवणं. मला बघवेना. मी एक दिवस तुझा वाकडा चेहरा त्याच नंबरावर मशीनमध्ये भरून टाकला. एका दत्ताचे दोन चेहरे, एक सरळ, एक वाकडा. मशीन "थँक यू" म्हणालं आणि तू मला गेटवरच मिठी मारलीस. बरा झाल्यावर तो दुसरा चेहरा मी काढायला हवा होता. नाही काढला. म्हटलं, राहू दे, परत कधी झालं तर उपयोगी पडेल. असा हुशार मी!

आणि ते स्टोअर. बाहेरच्या देशातले पाहुणे कारखाना बघायला येणार, तर साहेब म्हणाला, दत्ताला काही दिवस मागे बसवा, समोर बरं दिसत नाही. काही दिवसांचे तीन महिने झाले. ज्याच्या हाताखालून गेलेल्या मालाची कधी तक्रार आली नाही, तो माणूस पत्र्याच्या शेडमध्ये नटबोल्ट मोजत बसला. त्यावरून आपलं भांडण झालं होतं, ते तसंच राहिलं. मी म्हणालो, "तू साहेबाला तोंडावर का नाही बोललास?" तू म्हणालास, "माझं तोंड चालत नव्हतं, रघू. तुझं चालत होतं की." मी त्यावर काहीतरी उलट बोललो, काय ते आठवत नाही. मी घाबरलो होतो, एवढं साधं सांगायला मला तुझा तेरावा व्हावा लागला.

बरं, तो सोमवार. काटेपुरम चौकात साडेसातला जनरल शिफ्टची बस. तू मास्क लावून चढलास, माझ्याशेजारी बसलास आणि मास्क हळूच हनुवटीवर ओढलास. उजवीकडून तोंड खाली आलेलं. "आलाय परत," म्हणालास. मी काय केलं असेल? थट्टा केली. "आला का पाहुणा? या वेळी किती दिवस मुक्काम?" आणि मग मोठ्या डॉक्टरच्या थाटात म्हणालो, "आठ्या घाल बघू." तू भुवया वर केल्यास. दोन्हीकडे पडल्या, भरपूर, डावीकडे तितक्याच उजवीकडे. मी तुझ्या मांडीवर थाप मारली. "अरे, कपाळ चालू आहे की! थोडक्यात सुटलास लेका." तू म्हणालास, "व्हय, मला बी तेच वाटायलंय." जीभ जड येत होती तुझी. मला वाटलं, ओठ वाकडा म्हणून.

डबा तू डाव्या हातात धरला होतास. रोज उजव्या हातात असतो. हेही बघितलं मी. उतरताना पायरी चुकलास, म्हणालास मुंग्या आल्यात, आणि मी म्हणालो, एवढा वेळ बसून येणारच. सांग, आणखी काय दिसायला हवं होतं मला? अकरा वर्षं तू रोज बसमध्ये माझा वरचा खिसा चाचपलास, तंबाखूची पुडी आहे का म्हणून. शिव्या खाल्ल्यास माझ्या, पण सोडवलीस. माझ्या बायकोला जमलं नाही ते तू केलंस. आणि माझ्यावर एक सकाळ तुला बघायची वेळ आली, तर मी तुला पास करून टाकला.

वर तू वचन घेतलंस. "हिला सांगू नको रघू, उगं रडत बसंल. आन् सायबाला तर बिलकूल न्हाई. आज पाहुणे हायत, टेबलावर मी उभा ऱ्हाणार. परत स्टोअरात न्हाई जायाचं मला." मी म्हणालो, "मी कशाला सांगतोय?" गेटवर तू मास्क खाली केलास, मशीनसमोर तोंड धरलंस, आणि त्यानं पहिल्या झटक्यात ओळखलं. "थँक यू." नसतं ओळखलं तर तू माझ्या खिडकीशी आला असतास, सिस्टरकडे गेला असतास, तिनं हात वर करायला सांगितला असता आणि पावणेनऊला तू दवाखान्याच्या गाडीत असतास. मशीनला आदल्या आजाराचं तोंड मीच शिकवून ठेवलं होतं.

अकराच्या सुमाराला पाहुण्यांसमोर तुझ्या हातातून टेस्टर पडला. उचलायला वाकलास तो उठला नाहीस. तुला दवाखान्यात नेणारी गाडी चाकणच्या चौकात अडकली, मग मोशीला अडकली. मी खिडकीतून हात काढून ट्रकवाल्यांना शिव्या देत होतो. तू माझ्याकडे बघत होतास, आणि काही बोलायला जात होतास ते शब्द होत नव्हते. ते काय होतं, दत्ता? पाणी मागत होतास की मला गप्प बस म्हणत होतास?

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "तोंड वाकडं कधी झालं?" मी म्हणालो, "साडेसातला बघितलं मी." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "मग साडेसातलाच का नाही आणलंत?" मी म्हणालो, "कपाळ हलत होतं." त्यानं पेन खाली ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "काका, कपाळ हलत होतं म्हणूनच आणायचं होतं." मेंदूच्या नळीत रक्ताची गाठ अडकली होती, पुढं रक्त जात नव्हतं, आणि गाठ विरघळवायच्या औषधाला वेळेची मर्यादा असते. ती वेळ तू टेबलापाशी उभा राहून घालवलीस आणि मी तीस पावलांवर, खिडकीत, हजेरीचे कागद लावत घालवली. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

परवा एचआरचा मेल आला, मयत कर्मचाऱ्याचा चेहरा मशीनमधून काढावा. मयत कर्मचारी! मी म्हटलं, दोन आहेत, कुठला काढू? कोणाला कळलं नाही मी काय बोलतोय. दोन्ही काढले. आता गेटवर जो भेटेल त्याला मी भुवया वर करायला लावतोय आणि सांगतोय, तोंड वाकडं झालं तर कपाळ बघत बसायचं नाही, हात जड आहे का, जीभ अडखळते का बघायचं, आणि काही दिसो न दिसो, आधी दवाखाना गाठायचा. नसेचं की मेंदूचं, ते डॉक्टर बघेल, आपण नाही. पोरं म्हणतात, रघुकाकाचं डोकं सटकलंय. सटकू दे.

आणि काल सगळे गेल्यावर वहिनींना सांगितलं. तुझं वचन मोडलं. हॉलमध्ये त्या आणि मी, सतरंज्या गोळा करत होतो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी एका दमात बोलून टाकलं, बस, कपाळ, मशीन, सगळं. "मला साडेसातलाच दिसलं होतं, वहिनी. त्यानं तुम्हाला सांगू नको म्हटलं म्हणून मी गप्प बसलो." मला वाटलं त्या हातातलं टोक सोडतील, थोबाडीत देतील. द्यायला हवी होती.

त्या सतरंजीची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सहालाच दिसलं होतं, भाऊजी."

माझ्याच हातातलं टोक सुटलं.

"दात घासताना फेस ओघळत होता. मीच आठ्या घालायला लावल्या. पडल्या. म्हटलं, देवाची कृपा, या वेळी हलकं आहे. डोळ्यात थेंब घालून, डबा हातात देऊन मीच पाठवलं. मला म्हणाले, रघूला सांगू नको, ते येडं सगळी कामं टाकून मला दवाखान्यात ओढत नेईल."

म्हणजे मला म्हणालास, वहिनींना सांगू नको, आणि वहिनींना म्हणालास, रघूला सांगू नको. बोललो असतो ना आम्ही दोघं फोनवर दोन मिनिटं, तर तुला उचलून नेला असता, तू कितीही बोंबललास तरी. तुला हे माहीत होतं. म्हणून तर तोडलंस आम्हाला एकमेकांपासून. लबाडा! त्या सतरंजीवर बसून मी तुला ती गिळलेली शिवी मोठ्यानं दिली, वहिनींसमोर. त्यांनी मला अडवलं नाही. डोळे पुसले, आणि मग त्यांचाही आवाज चढला, तुझ्यावर की माझ्यावर की स्वतःवर, मला अजून कळलेलं नाही.

"चोवीस वर्षं संसार केला, भाऊजी. ह्यांचं एक तरी ऐकलं का मी कधी? तुम्ही तरी ऐकलंत?"

"नाही, वहिनी."

"मग त्याच दिवशी कसं काय ऐकलं आपण?"